लुकण

काचेला मधोमध मारलं तर हातोडी उसळून येते.
कोपऱ्यात मारायचं, चौकटीपासून दोन बोटं आत.
हे मीच शिकवलं तिला, सात वर्षांची असताना,
जुन्या खिडक्यांतून फुटकी काच काढता काढता.
ती विचारायची, बाबा, काचेला कळतं का?
मी म्हणायचो, तुकडे वेच आधी.

लीड्समधल्या त्या कापडाच्या मोठ्या दुकानाच्या
अकरा काचा फुटल्या, भर दुपारी, चार मिनिटांत.
दहा वेड्यावाकड्या:
कुणी कागदात गुंडाळलेला दगड, कुणी छत्रीची मूठ.
एकच नीट फुटली होती.
खालचा डावा कोपरा. एक घाव.
गर्दीत उभं राहून मी ती पाहिली
आणि घरी येऊन अवजारांची पेटी उघडली.
हातोडीच्या जागी बनातीवर
नुसता तिचा आकार उरला होता.

कोर्टात टेबलावर हातोड्या ओळीनं मांडलेल्या. माझी तिसरी.
दांड्यावर तापल्या तारेनं कोरलेलं ई. एच.
हेबलथ्वेट, ही तुमची?
चोरीला गेली होती का?
हो म्हणालो असतो तर मी सुटलो असतो,
तिच्यावर अजून एक कलम लागलं असतं.
थर्झा माझ्याकडे बघत नव्हती.
तिच्या टोपीत काचेचा एक कण अडकला होता, मी तो बघत होतो.
म्हणालो, मीच दिली होती, साहेब.
खाली बसलो तेव्हा
गुडघे दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

खरं तर मी तिला काहीच दिलं नव्हतं.
गेल्या निवडणुकीला ती दारात उभी होती,
एका हातात माझे बूट, दुसऱ्या हातात छत्री.
पाऊस आहे, म्हणालो मी,
आणि माझ्या एका मतावाचून कुणाचं अडलंय?
छत्री परत खुंटीला लावताना
तिनं आवाजसुद्धा केला नाही.

काचा बसवायला दुकानवाल्यानं मलाच बोलावलं.
नाव वाचलं नसेल. किंवा वाचूनच.
हिरकणी काचेवरून ओढताना
तीस वर्षांत माझे दात कधी आंबले नव्हते.
त्या आठवड्यात आंबले.
मजुरी घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी गेलो, दंड भरायला.
आतून निरोप आला, भरू नका.
ते पैसे चहाच्या डब्यात आहेत.
चहाला तांब्याचा वास येतो.

मग तिनं अन्न सोडलं. मग तिला भरवलं.
भरवलं, हा शब्द डॉक्टरांच्या पत्रातला.
तिची आई भरवायची ती लापशी,
चमच्यावर फुंकर घालून, आधी स्वतःच्या ओठांना लावून.
इथं धरायला चौघी आणि एक रबरी नळी.
पत्राच्या शेवटी: प्रकृती समाधानकारक.

मे महिन्यात सोडलं. बरी झाली की परत नेणार,
तसा नवा कायदाच केलाय म्हणे.
घसा सोलवटलेला. बोलत नाही, पाटीवर लिहिते.
मी समोर बसून लुकण मळतो,
खडू, जवसाचं तेल, तळहाताची ऊब.
तिनं त्यातला एक गोळा मागून घेतलाय,
मुठीत धरून बसते.
काल पाटीवर लिहिलं: नवी हातोडी घेतली?
म्हणालो, घेतली. महाग झाल्यात हल्ली.
ती हसायला गेली आणि घसा धरून थांबली.

रस्त्यापलीकडे दिव्याच्या खांबाशी पोलीस असतो.
गालावर रक्त दिसलं की तो दार वाजवणार.
म्हणून मी पडदा ओढतो,
आणि उकडलेलं अंडं पुढ्यात ठेवतो.
टवका ती स्वतःच पाडते, चमच्याच्या टोकानं,
टोकाला, मधोमध नाही.

तिला एक गोष्ट सांगितलेली नाही.
दुकानाच्या त्या काचेला
खालच्या डाव्या कोपऱ्यात
मी एक खिळा कमी मारलाय.
लुकणाखाली दिसत नाही.